चपटीची उजवी सीट

ती गाडी अजून माझ्याकडे आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हा विषय निघाला की लोक मधेच थांबवून तेच विचारतात आणि मला मधे थांबवलेलं खपत नाही. भिवंडीजवळ अंजूरला, आमच्या गावच्या जुन्या घराच्या परसात पत्र्याच्या शेडखाली ती उभी असते. एकेकाळी तिथून खाडीपर्यंत भाताची खाचरं दिसायची; आता तीन बाजूंनी गोडाऊनच्या भिंती चढल्या आहेत आणि चौथ्या बाजूला कंटेनर वळवायची जागा. दर रविवारी सकाळी काल्हेरच्या माझ्या फ्लॅटवरून रिक्षा करून मी तिथे जाते, बॅटरीची वायर जोडते, चोक ओढते, आणि ती दोनदा खोकून तिसऱ्यांदा सुरू होते. मुलगी म्हणते, "आई, गुडघे बदलायला झालेत तुझे, आणि तू त्या गाडीखाली कसली वाकतेस?" गुडघ्यांचं तिचं खरं आहे. पण मला एका जागी स्वस्थ बसवत नाही, कधीच बसवलं नाही, आणि या स्वभावाला आयुष्यात एकदाच नीट काम मिळालं ते त्या गाडीत. त्या वर्षभराचं लिहून ठेवते.

गाडी आणली दिनूकाकाने. काका म्हणजे अप्पांचा, माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ. आखातात एका गॅरेजमध्ये तो बरीच वर्षं मिस्त्री होता, लग्नबिग्न केलं नव्हतं. आमच्याकडून तिकडे गेलेले लोक परत येताना सोनं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे, फुलाफुलांची जाड ब्लँकेटं आणायचे. काका कायमचा परत आला तो एक बॅग घेऊन, आणि त्याच्यामागून दीड-दोन महिन्यांनी बोटीतून ही गाडी आली. जपानी, दोन दारांची, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी, जमिनीला पोट लावून चालणारी. एकेकाळी लाल असावी. वाळवंटातल्या उन्हाने तिचा रंग विटून जुन्या कौलासारखा झाला होता. तिकडच्या कुणा श्रीमंताच्या मुलाने ती नवी असताना पळवली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि सगळ्यांची हौस फिटल्यावर ती काकाच्या गॅरेजात येऊन पडली. काकाने तिचं इंजिन दोनदा खोललं आणि दोनदा बसवलं. आमच्या दारात आली तेव्हा मीटरवर तीन लाखांच्या वर किलोमीटर झाले होते. आई पदराला हात पुसत बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "भावजी, लोकांचे दीर सोनं आनतात, तुम्ही पत्रा आनला?" काका हसला. "वयनी, सोनं चालू होतं का? ह्यो पत्रा चालू होतो."

गल्लीने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव चपटी ठेवलं. आता चपटी म्हणजे काय हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक: खिशात मावणारी दारूची बाटली. अप्पा सरकारी कचेरीत कारकून, सुपारीसुद्धा न खाणारे, दर रविवारी विहारात पांढरा सदरा घालून पंचशील म्हणणारे. त्यांना कचेरीत कुणीतरी सगळ्यांदेखत विचारलं, "काय साहेब, काल सहकुटुंब चपटी घेऊन कल्याणला गेलात म्हणे?" त्या संध्याकाळी अप्पा चपला न काढताच काकासमोर उभे राहिले. "दिनू, त्या गाडीला दुसरं नाव दे." पण नावं अशी सांगून थोडीच बदलतात. आठवड्याभरात आईच अंगणातून ओरडली, "चपटी जरा पुढं घ्या, मला सुकट वालत घालायची हाय," आणि अप्पांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

आमचं घर म्हणजे भिवंडीत दोन खोल्या आणि पुढे हातभर अंगण, आणि भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. त्या खटखटीत आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो, तापाने फणफणलो. आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. मीठ मागायचं तरी आरोळी ठोकायची. ठाण्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाकीचं जग कुजबुजल्यासारखं बोलतं, आणि मी साधं पेन मागितलं तरी पुढची तीन बाकं वळून बघतात. कारखान्यातून रुई उडून यायची. ती वालाच्या आमटीवर बसायची, तांदळाच्या भाकरीवर बसायची, केसांत बसायची. आई वाढलेल्या ताटावरही दुसरं ताट झाकायची. ही रुई चपटीच्या एअर फिल्टरमध्ये जाऊन गच्च भरायची, आणि चपटीच्या पोटातून काय निघायचं, तर वाळू. सीटच्या शिवणीतून, पायाखालच्या कार्पेटमधून, हवेच्या जाळ्यांतून ती बारीक पिवळी वाळू वर्षभर गळत होती. आईने ती डब्यात भरून ठेवली आणि त्या वाळूने पितळेची भांडी घासायला लागली. इतकी लख्ख निघायची की शेजारणी मूठमूठ मागून न्यायच्या.

गाडीचा एकही पार्ट इथे मिळत नसे. काकाने मग लूमवाल्यांशी दोस्ती केली. लूमच्या चामडी पट्ट्याचे तुकडे कापून तो वायसर बनवायचा, लूमच्या स्प्रिंगा कापून कुठे कुठे बसवायचा. कारखान्यातला फिटर त्याच्याकडे बघून म्हणायचा, "मिस्त्री, ये गाडी किसी दिन कपडा निकालेगी." दर रविवारी काका गाडीखाली आणि मी बाहेर पाने घेऊन उकिडवी. बारा-तेराचा, चौदा-पंधराचा, न बघता हातात द्यायला मी शिकले. काकाने नाक्याजवळ एक गाळा घेतला होता, पण वर बोर्ड लावला नव्हता. "चपटीच माजा बोर्ड," तो म्हणायचा. "तीन लाख पललेली गाडी, पार्ट न्हाय मिलत, तरी घड्यालासारकी चालते. बगनारा बोलल का न्हाय, गाडी दिनू मिस्त्रीकडं टाक?" आणि खरंच तसं होत होतं. टेम्पोवाले येऊ लागले, मग ट्रकवाले. परत आखातात जायचं नाही हे काकाने ठरवलं होतं, आणि त्याचं ते ठरवणं एवढ्या एकाच बोलबाल्यावर उभं होतं की दिनू मिस्त्रीने हात लावलेली गाडी रस्त्यात दगा देत नाही.

तर उजवी सीट. गाडी आखातातली, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. आपल्या रस्त्यावर डावीकडे बसलेल्या माणसाला पुढचा ट्रक ओलांडायचा असला की समोरून काय येतंय ते दिसतच नाही. दिसेपर्यंत गाडी निम्मी उजवीकडे गेलेली असते. म्हणून उजवीकडे बसलेल्या माणसाने बघून सांगायचं. तो माणूस मी. सायलेन्सरच्या घोगऱ्या आवाजात आणि रस्त्याच्या कलकलाटात लांब वाक्यं चालत नाहीत, म्हणून आमची दोन शब्दांची भाषा ठरली होती. काका विचारायचा, "हाय?" समोरून गाडी येत असली की मी ओरडायचे, "हाय!" रस्ता मोकळा असला की, "न्हाय!" हाय म्हणजे थांब, न्हाय म्हणजे जा. लूमशेजारी तयार झालेला माझा गळा पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला होता. मला ते काम आवडायचं, आणि पुरायचंही नाही. माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा, डावा हात काकाच्या गिअरकडे वळायचा. दर दोन दिवसांनी मी विचारायचे, "काका, मला कधी देतोस चालवायला?" तो म्हणायचा, "आदी बगायला शिक." हल्ली कधी मुलीची गाडी चालवते, चारी बाजूंनी टुकटुक करणारी, मागे कॅमेरा असलेली, तरी ट्रकमागे अडकले की माझ्या तोंडून जातं, "हाय?" मुलगी म्हणते, कुणाला विचारतेस?

काकाचा उजवा डोळा गेलेला आहे हे घरात फक्त मला कळलं होतं, तेही एका शब्दामुळे. चपटीचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपलेले असायचे आणि बटण दाबलं की वर यायचे. त्यातला उजवा आळशी होता. डावा टचकन उघडायचा आणि उजवा मागून सावकाश, त्यामुळे बाजारातून जाताना ती बायकांना डोळा मारते अशी तिची बदनामी होती. एका रविवारी त्या मोटरशी झटत असताना काका वैतागून पुटपुटला, "तिचा पन उजवा डोला गेला." तिचा पण. मी पाना हातात धरून तशीच थांबले. मग एकेक आठवायला लागलं: तो जेवायला नेहमी पंगतीच्या उजव्या टोकाला का बसतो, उजवीकडून कुणी आलं की दचकतो का, आईने उजव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप त्याच्या हातून तीनदा का उलटला. तिकडे वेल्डिंगची ठिणगी उडाली होती, हे खूप पुढे कळलं. तेव्हा मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण त्यानंतर उजव्या सीटवर बसले की मी रस्त्यावरून नजर हलवत नसे, कारण आता मला माहीत होतं की तो नुसता विचारत नाही, तो पूर्णपणे माझ्यावर चालतोय.

आता अप्पांचं सांगायला हवं. अप्पा आमच्या घराण्यातले पहिले मॅट्रिक. बोलण्यावर त्यांचा फार कटाक्ष. लहानपणी माझ्या तोंडून "हाय" गेलं की लाकडी पट्टी टेबलावर आपटायचे. "आहे! आ-हे! माणसाला आधी त्याच्या बोलण्यावरून मोजतात, उज्ज्वला." एकदा त्यांनी माझ्याकडून "आहे" हा शब्द पाटी भरून लिहून घेतला होता. आई आणि काका तसंच बोलायचे. त्यांना कुणी काही म्हणायचं नाही, मला मात्र घराबाहेर सुधारून पाठवायचं होतं. मी दोन जिभा ठेवायला शिकले, एक गल्लीची आणि एक कॉलेजची. कॉलेजात मेधा नावाची मैत्रीण होती, ठाण्यातली, तिचं बोलणं इतकं मऊ की ऐकताना मला माझ्याच गळ्याची लाज वाटायची. तिने कधीही मला हिणवलं नाही. लाज माझी मीच पिकवली होती.

मेधाला आमच्याकडची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायची होती, म्हणून एके दुपारी काका आम्हा दोघींना घ्यायला ठाण्याला आला. मेधा गुडघे हनुवटीला लावून मागच्या इवल्याशा सीटवर बसली आणि म्हणाली, "किती गोड गाडी आहे!" मी म्हटलं, "काका, तुम्हाला फार वेळ थांबावं लागलं का हो?" काकाने मान वळवून मागे पाहिलं, मी आणखी कुणाशी बोलतेय की काय म्हणून. जन्मात मी त्याला तुम्ही म्हटलं नव्हतं. पूल ओलांडला, काल्हेर आलं. पुढे सुताच्या गाठींनी लादलेला ट्रक होता, काळा धूर सोडत. काका त्याच्या मागे लागला आणि नेहमीसारखं विचारलं, "हाय?" समोरून टेम्पो येत होता. स्वच्छ दिसत होता, पिवळ्या टपाचा. "हाय!" हा शब्द माझ्या जिभेवर येऊन उभा होता. पण माझ्या मानेमागे मेधा होती, आणि गाडीत फेरीवालीसारखं ओरडायची मला लाज वाटली. जाऊ नका असं सांगायचं म्हणून मी ठाण्याच्या आवाजात म्हटलं, "नाही, काका."

काकाच्या कानाने ऐकलं, न्हाय. रस्ता मोकळा. त्याने गाडी उजवीकडे काढली.

पुढचं एवढं आठवतं की काकाने ब्रेकवर उभं राहिल्यासारखा पाय दिला, टायर किंचाळले, गाडी परत डावीकडे आली आणि टेम्पो माझी बाजू पार हेडलाइटपासून दारापर्यंत सोलून निघून गेला. काच माझ्या कोपरात गेली. चपटी रस्त्याच्या कडेला मातीत नाक खुपसून थांबली. मेधाच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी कुणाला काही नाही. ब्रेक हातभर अंतरानेही उशिरा लागला असता तर मी हे लिहायला नसते. माझ्या कोपराला सात टाके पडले आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा अप्पा अंगणात फेऱ्या मारत होते. "दिनू, समोरून एवढा टेम्पो येतोय, दिसला नाही तुला?" काकाने माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवर बसून कोपरावरच्या बँडेजचं टोक उकलत होते. त्याच्याकडे सांगायला तीन गोष्टी होत्या: त्याचा डोळा, माझी चूक आणि गाडी. त्याने खाली बघून सांगितलं, "ब्रेक लागला न्हाय, दादा."

मिस्त्रीने स्वतःच्या गाडीचा ब्रेक लागला नाही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाक्यावर पोचलं. नाक्यावर चाचांची चहाची टपरी होती. उत्तरेकडून लूमवर आलेला आणि लूम सोडून टपरी टाकलेला भला माणूस, पण जिभेला हाड नाही. "सुना क्या? मिस्त्री का खुद का बिरेक फेल!" म्हणत ते प्रत्येक कपाबरोबर ती बातमी द्यायचे. चपटीचं नाव ब्रेकफेल पडलं. गाळ्यासमोर टेम्पो थांबेनासे झाले. काका सकाळी शटर उघडून बसायचा, धुतलेले पाने पुन्हा रॉकेलने धुवायचा आणि संध्याकाळी शटर ओढायचा. एक दिवस त्याने पेटीतून पासपोर्ट काढून उन्हात ठेवला, ओल लागली होती म्हणून. त्या दिवशी आईची भाकरी करपली. त्या डोळ्यावर तिकडेही आता त्याला कोण उभं करणार होतं?

आणि मी? मी जागेवर ठरत नव्हते. पुस्तक उघडायचे, मिटायचे. जेवता जेवता उठायचे. कॉलेजला जाता-येता काल्हेरला बसमधून उतरायचे आणि रस्त्याच्या कडेला उभी राहायचे, कारण तिथे डांबरावर चपटीच्या चाकांचे दोन काळे पट्टे उमटले होते. लांब, सरळ, मग डावीकडे वळलेले. ब्रेक न लागलेली गाडी असले पट्टे ओढत नाही हे कुणाही ड्रायव्हरला कळलं असतं. मला वाटायचं चाचांना हाताला धरून इथे आणावं. पण आणलं तर विचारणार, ब्रेक लागला होता मग झालं काय? मी परत बस पकडायचे. त्या पट्ट्यांवरून दिवसभर ट्रक जात होते आणि दर खेपेला ते जरा आणखी पुसट दिसायचे. कपाळाचं टेंगूळ उतरल्यावर मेधा कॉलेजात आली आणि तिने पहिलाच प्रश्न केला, "पण तू तर 'नाही' म्हणालीस ना? मी ऐकलं. मग काका गेले का?" मी घंटा झाल्यासारखी उठून निघून गेले. आज तिच्याशी फोनवर तासभर बोलते, पण तेवढ्या प्रश्नाचं उत्तर तिला मी पुढे पाच-सहा वर्षांनी दिलं.

ज्या दिवशी मला काल्हेरला ते पट्टे शोधूनही सापडले नाहीत, त्या दिवशी मी घरी आले आणि दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायला लागले. काका गाळ्यावर होता. अप्पा जेवत होते. आई म्हणाली, "बस गो एका जागी, फरशी झिजवलीस माजी!" मी बसले नाही. उभ्या उभ्या, लूमच्या वर आवाज काढून, सगळं सांगून टाकलं. हाय-न्हायची भाषा, मेधा, लाज, टेम्पो. आणि डोळाही. अप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो परत ताटात ठेवला. "म्हणजे शब्द चुकला," ते म्हणाले, "ब्रेक नाही." मग, जवळजवळ ऐकू येणार नाही असं, "आणि तसं बोलायला मी पट्टी आपटून शिकवलं." माझ्या वडिलांना मी इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी ते कळलं नाही.

"मी नाक्यावर जाऊन सांगते," मी म्हटलं. अप्पा म्हणाले, "काय सांगशील? दिनूला दिसत नाही म्हणून? मग तर त्याच्याकडे सायकलसुद्धा कुणी देणार नाही." तोवर आईने माझं ताट वाढलं होतं. तिने ते माझ्या हातात कोंबलं. "सांगून कोन मानतंय? चपटी नीट करा न् नाक्यावर नेऊन दाखवा. भावजींनी न्हाय चालवायची. ही चालवल. नायतरी हिच्या पायाला भिंगरीच हाय." अप्पांनी काकाला जाऊन एवढंच सांगितलं की गाडी दुरुस्त कर आणि पोरीला शिकव. माझ्या कबुलीचं ते बोलले नाहीत. ते मी सांगायचं होतं आणि मला ते जमत नव्हतं.

काकाने दोन महिने लावले. चेपलेला पत्रा त्याने लाकडी हातोडीने आतून ठोकून ठोकून काढला. नवं दार मिळणारच नव्हतं. उजवी काच मिळाली नाही तिथे जाड प्लॅस्टिकचा तुकडा कापून बसवला, तो वरखाली होत नसे म्हणून वर हातभर मोकळं ठेवलं. उजवी बाजू राखाडी रंगाची राहिली, अजून आहे. फुटलेल्या हेडलाइटच्या जागी दुसऱ्या गाडीचा दिवा आणून तो कायमचा वर करून ठोकून टाकला. "आता ही झोपनार न्हाय," तो म्हणाला. माझं शिकणं अंजूरच्या आमच्या खाचरात झालं. भात कापून झालं होतं, जमीन वाळून कडक झाली होती. बांधापासून बांधापर्यंत मी पहिल्या गिअरमध्ये धडधडत जायचे, ढेकळं फुटायची, सीटखालून उरलीसुरली वाळू उडायची, आणि काका उजव्या सीटवरून सांगायचा, "ब्रेक. परत. ब्रेक. परत." दुसरं काही नाहीच. पंधरा दिवस त्याने मला फक्त थांबायला शिकवलं. मला, जिला कधी थांबता आलं नव्हतं. लायसन्सची परीक्षा मी ड्रायव्हिंग स्कूलच्या साध्या गाडीवर दिली आणि पास झाले. या सगळ्या दिवसांत "काका, चुकलं माझं" हे वाक्य मी रोज तोंडात घेऊन खाचरात यायचे आणि रोज तसंच परत न्यायचे.

मग एका रविवारी, विहारातून आल्यावर, आम्ही निघालो. मी डावीकडे स्टिअरिंगवर, काका उजव्या सीटवर, आणि अप्पा, त्यांनी हट्टच धरला म्हणून, मागे, पांढऱ्या सदऱ्यात, गुडघे हनुवटीला लावून, छत्रीसकट. आधी काल्हेरपर्यंत गेलो, पुलाजवळून परत फिरलो. नेमका त्याच जागी एक ट्रक पुढे आला. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, फक्त ट्रकचा पाठीमागचा पत्रा. तेव्हा कळलं, काका इतके दिवस कशावर चालत होता. मी विचारलं, "हाय?"

काकाने प्लॅस्टिकच्या वरून डोकं बाहेर काढलं, मान पार उजवीकडे वळवून डावा डोळा रस्त्यावर लावला. "आहे," तो म्हणाला.

मला वाटलं चुकीचं ऐकलं. "आँ?"

"आहे, ताईसाहेब. समोरून टेम्पो येत आहे. तरी आपण कृपया थांबावे."

मागे अप्पांना ठसका लागला. टेम्पो धाडकन शेजारून गेला. मी ट्रकच्या मागेच राहिले, हसत होते की रडत होते कोण जाणे, पुढचं सगळं धूसर दिसत होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दुपारपासून माहीत होतं, मी काय म्हणाले आणि का म्हणाले, आणि एवढे महिने नाक्यावर ब्रेकफेल म्हणवून घेत तो गप्प बसला होता. "काका, चुकलं रे माझं," शेवटी बाहेर पडलं. तो म्हणाला, "मी बोललो का काय? डोले पूस न् समोर बग." मग परत डोकं बाहेर काढून, भाताच्या शेतातून हाक मारावी तसा ओरडला, "न्हाय! जा!" आणि मी गेले. समोर बघितलंही नाही. त्याच्या शब्दावर गेले, आणि रस्ता खरंच मोकळा होता.

नाक्यावर रविवारची गर्दी होती. चाचांच्या टपरीसमोरच्या बाकावर चार-पाच टेम्पोवाले चहा पीत बसले होते. काका म्हणाला, "बाकाकडं घे. मी बोललो की दाब." मी सरळ बाकाच्या रोखाने गाडी घेतली. लोकांनी पाय वर घेतले, कुणीतरी "अरे अरे" म्हणालं, एकाचा कप पडला. "दाब!" काका म्हणाला. चपटी जागच्या जागी खिळली. तिचं नाक आणि बाक यांत वीतभर जागा उरली होती आणि तिचा तो कायम उघडा उजवा दिवा टेम्पोवाल्यांकडे टक लावून बघत होता.

बाकावरच्यांनी वर घेतलेले पाय हळूच खाली सोडले. चाचा गाळणी हातात घेऊन टपरीतून बाहेर आले, वाकून चाकांकडे पाहिलं, मग काकाकडे, मग स्टिअरिंगवरच्या माझ्याकडे. "क्या मिस्त्री," ते म्हणाले, "बिरेक है इसमें?"

काकाने तोंड उघडलं होतं. पण चाचा डाव्या हाताला उभे होते आणि तिकडची खिडकी माझी होती. मी डोकं बाहेर काढलं आणि लूमवर मात करणाऱ्या माझ्या मूळच्या गळ्याने, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडले, "हाय!"

मागच्या सीटवरून अप्पांनी माझा शब्द सुधारला नाही.